गाडीला आवाज पाहिजे

जुनी पिकअप घेताना माणूस काय काय विचारतो? ॲव्हरेज किती देते, टायर किती उरलेत, इंजिन कधी उघडलंय का, कागद कुणाच्या नावावर आहेत. हॉर्न कसा वाजतो, हे कुणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही. गाडी दारात येते, हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात आणि मग कुणीतरी खिडकीतून हात घालून बटन दाबतं. आमच्या गाडीचं बटन दाबलं मेव्हण्यानं. आतून जो आवाज आला तो, आहेर न आणलेल्या पाहुण्यानं पंगतीत बसून हळूच घसा साफ करावा, तसा होता.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "गाडीला आवाज नाय."

आवाज नाही, ही आमच्या जुन्नर तालुक्यात साधी तक्रार समजली जात नाही. ज्याला आवाज नाही त्याला ग्रामसभेत माईक मिळत नाही, लग्नात दुसऱ्यांदा जिलेबी मिळत नाही आणि टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला मार्केटच्या वाटेवर वीतभर जागा मिळत नाही. मागं शंभर कॅरेट टोमॅटो घेऊन तुम्ही उभे आहात, वर ऊन तापतंय, भाव मिनिटामिनिटाला खाली येतोय आणि तुमची गाडी फक्त घसा साफ करतेय.

तरीही मी काही दिवस तसंच रेटलं. आळेफाट्याच्या पुढं एक म्हैस रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली. मी बटन दाबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, एक कान हलवला आणि रवंथ पुढं चालू केलं. मोटारसायकलवाल्यांचं तर विचारूच नका. खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल चेपून, मान तिरकी करून चाललेला गडी एरवीही कुणाचं ऐकत नसतो. त्यातल्या एकानं मात्र माझा हॉर्न ऐकून गाडी हळू केली, मागं वळला आणि आपुलकीनं विचारलं, "काय पाहिजे, काका?" मला रस्ता पाहिजे होता. पण कुणी असं विचारल्यावर सांगायला लाज वाटते. "काही नाही, चालू द्या," म्हणालो आणि मंचरपर्यंत त्याच्या मागं मागं गेलो.

मेव्हण्याचा सिद्धान्त असा की ओव्हरटेक इंजिनच्या जोरावर होत नाही, हॉर्नच्या जोरावर होतो. इंजिन नंतर येतं. आधी समोरच्याच्या मनात भीती बसली पाहिजे. त्याच्याकडं स्वतःची गाडी नाही, त्यामुळं त्याचे सिद्धान्त पक्के असतात.

ऑटो स्पेअरच्या दुकानात दुकानदारानं काउंटरवर खोकी मांडली. प्रत्येकावर डेसिबलचा आकडा छापलेला. एकावर 118, दुसऱ्यावर 130, तिसऱ्यावर 150.

"ह्यांच्यात फरक काय?"

"शंभर शंभर रुपये," दुकानदार म्हणाला.

आता डेसिबलचं गणित तिरपागडं असतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. त्या हिशोबानं 118 आणि 150 या दोन खोक्यांमध्ये दीड हजार पटींहून जास्त अंतर होतं आणि हा गृहस्थ ते दोनशे रुपयांत पार करून देत होता. खोकं लिहिणाऱ्याच्या हाताला कुणी आवर घातला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पण हे मी मेव्हण्याला समजावून सांगेपर्यंत त्यानं दीडशेचं खोकं काखेत मारलं होतं.

"आणि ट्रकला असतो तो?" मी उगाच विचारलं.

दुकानदारानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. ट्रकला एअर ब्रेक असतात. ब्रेकसाठी इंजिनवर कॉम्प्रेसर असतो, दाबाखालची हवा भरून ठेवायला टाक्या असतात आणि त्यातलीच थोडी हवा हॉर्नला मिळते. त्यामुळं ट्रकचा हॉर्न म्हणजे घरच्या विहिरीचं पाणी, हवं तेवढं उपसा. पिकअपचे ब्रेक तेलावर चालतात, तिच्याकडं हवेची टाकी नाही. म्हणून खोक्यात लाल रंगाचे दोन कर्णे आणि त्यांना फुंकर घालायला मुठीएवढा विजेचा कॉम्प्रेसर. एक कर्णा लांब, तो खर्जात बोलणार. दुसरा आखूड, तो वरच्या पट्टीत. "दोन्ही एकदम सुटले," दुकानदार म्हणाला, "की माणूस आधी बाजूला होतो आणि मग बघतो." हे वाक्य ऐकून माझा सगळा विरोध मावळला. घरात, भावकीत किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला बघून कुणी आधी बाजूला झाल्याचं मला आठवत नाही.

वायरमन मिस्तरी अबोल होता. त्यानं बोनट उघडलं, कंपनीच्या हॉर्नची वायर दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "ह्या दोऱ्यावर कॉम्प्रेसर चालवाल तर वायरिंग जळंल. रिले लागंल." मग खिशातून काड्यापेटीहून लहान, काळा, चार पायांचा डबा काढला. पायांपाशी आकडे होते: 30, 85, 86, 87. मेव्हण्यानं ते लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतले. त्याला वाटलं ओपन-क्लोज आहे. खरं तर ती जर्मन मानकातली खुणेची पद्धत आहे आणि जगभरातले मिस्तरी ती पाळतात. तिसावर फ्यूजमधून बॅटरीचा करंट येतो, सत्त्याऐंशीवरून तो कॉम्प्रेसरला जातो आणि पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या मध्ये एक बारीक कॉइल असते. स्टिअरिंगवरच्या बटनानं फक्त ही कॉइल चालते. जड काम रिले करतो, बटन नुसता हुकूम सोडतं. आमच्या पंचायतीतही हीच पद्धत आहे, फक्त तिथं आकडे लिहिलेले नाहीत.

कर्णे कुठं बसवायचे यावर वाद झाला. मिस्तरीचं मत, बंपरच्या आत, कॉम्प्रेसरला लागून, तोंडं जराशी खाली.

"आत ठेवून काय उपयोग?" मेव्हणा म्हणाला. "लोकांना दिसलं पाहिजे ना!"

"ऐकायचाय का बघायचाय?"

"दोन्ही."

शेवटी कर्णे केबिनच्या टपावर बसले. तोंडं पुढं आणि थोडी आकाशाकडं. कॉम्प्रेसर बोनटमध्ये. दोघांना जोडायला प्लॅस्टिकची लांबच लांब नळी, ती काचेच्या कडेनं वर गेलेली. मिस्तरी पुन्हा म्हणाला, "नळी आखूड पाहिजे." मी म्हणालो, "असू द्या." गाडीचा मालक म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं. कंपनीचा जुना हॉर्न काढून मेव्हण्यानं भंगारात टाकला. त्याला त्या आवाजाची लाज वाटत होती.

पाठीमागं पेंटरनं रेडियमच्या पट्ट्यांमध्ये मोठ्या अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं. 2015 साली महाराष्ट्रात व्यावसायिक गाड्यांवर हे शब्द लिहायला बंदी आली, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. मी पेंटरला हे सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, ते लिहिल्याबिगर गाडी मागून उघडी दिसती." यावर उत्तर नव्हतं. शिवाय अक्षर फार सुंदर होतं.

पहिल्यांदा हॉर्न वाजवला तो गावात, मारुतीच्या देवळासमोर, संध्याकाळी. मी बटन दाबलं. काही झालं नाही. मी मेव्हण्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग टपावरून जे काही सुटलं त्यानं पारावरची पत्त्यांची पानं उडाली. म्हणजे वाऱ्यानं नव्हे, खेळणाऱ्यांनी टाकली. दोन गडी उभे राहिले, एक आडवा झाला. शेजारच्या गोठ्यात काकू म्हैस पिळत होत्या. म्हशीनं पान्हा चोरला. चोरला तो चोरलाच. काकूंनी दुसऱ्या दिवशी डेअरीत घातलेल्या दुधाची पावती आणून आमच्या ओट्यावर ठेवली आणि न बोलता निघून गेल्या.

बायको फक्त एवढंच म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं कुणाशी बोलायचंय?"

त्या लांब नळीचा हिशोब मला नंतर रस्त्यावर कळला. बटन दाबल्यावर कॉम्प्रेसर फिरायचा, नळीत हवा भरायची, ती वर चढायची, मग कर्णे जागे व्हायचे. मधला वेळ तसा थोडाच, पण चालत्या गाडीला पुष्कळ. ज्याला बघून मी बटन दाबायचो तो तोवर निघून जायचा आणि आवाज मागून येणाऱ्या भलत्याच माणसावर कोसळायचा. म्हशीला वाजवलेला हॉर्न भजनी मंडळाला बसला. कुत्र्याला वाजवलेला एका होणाऱ्या नवरदेवाला, तोही हळद लागलेला. माझा नेम चुकत नव्हता, वेळ चुकत होती. मग मी अंदाजानं आधीच वाजवू लागलो. पुढच्या वळणावर कुणीतरी असेलच, या हिशोबानं. रस्ता मोकळा निघायचा. शेतात खुरपणाऱ्या बायका तेवढ्या उभ्या राहून बघायच्या.

एक मात्र झालं. हॉर्न वाजवायला लागल्यापासून मला हॉर्नची भाषा समजू लागली. आपल्याकडं हॉर्न धोक्यासाठी वाजवतात हा शहरी गैरसमज आहे. दोनदा आखूड म्हणजे 'राम राम'. एकदा आखूड म्हणजे 'ओळखलं, पण थांबत नाही'. एकदा लांब म्हणजे 'फाटक उघडा'. लांब आणि परत लांब म्हणजे 'फाटक उघडा, मी केव्हाचा उभा आहे'. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागून येतो तो 'आता होणार आहे बरं का'. वाहतुकीत अडकून पुढं शंभर गाड्या उभ्या असताना जो वाजवतात त्याला अर्थ नाही, तो उसासा आहे. आणि प्रत्येक वाजवणाऱ्याची खात्री असते की आपण गरजेपुरतंच वाजवतो, गोंगाट बाकीचे करतात. ही खात्री मलाही होती. माझ्या बाबतीत ती खरी होती एवढाच फरक.

मुंबईत पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला याच उसाशावर एक अक्कलहुशारीचा उपाय जगाला दाखवला होता. सिग्नलच्या खांबाला आवाज मोजायचं यंत्र जोडलं. हॉर्नचा कलकलाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. जितकं वाजवाल तितकं थांबाल. मेव्हण्यानं त्याचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "आपल्या हॉर्ननं तर तो सिग्नल दिवाळीपर्यंत लाल राहील." त्याच्या आवाजात अभिमान होता.

मग गाडीला डावीकडं वळायचा त्रास सुरू झाला. उजवीकडं वळताना ती गप्प असे. सरळ जाताना गप्प. डावीकडं स्टिअरिंग फिरवलं की हॉर्न आपोआप सुरू आणि वळण संपेपर्यंत चालू. मिस्तरीनं फोनवरच निदान केलं. बटनाची वायर स्टिअरिंगच्या दांड्याला घासून सोलली असणार, डावीकडं फिरवलं की ती लोखंडाला टेकते, अर्थ मिळतो, रिलेला वाटतं बटन दाबलं. "गाडी घेऊन या, दहा मिनिटांचं काम हाय." पण त्याचं गॅरेज हायवेवरून डावीकडं होतं आणि कोपऱ्यावर दवाखाना. दवाखान्याभोवतीचं शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथं हॉर्नला मनाई. म्हणून मी काही दिवस फक्त उजवीकडं वळून कामं उरकली. तीन उजवी वळणं घेतली की एक डावं होतं, हे भूमितीत कुणी शिकवलं नव्हतं. डिझेल मात्र लागतं.

पण सगळे रस्ते उजवे नसतात. एका मोठ्या चौकात नाइलाजानं डावीकडं वळलो. वळण लांबलचक होतं. हॉर्न सुरू झाला, चालू राहिला, चौक थांबला, वाहतूक पोलिसाची शिट्टी तोंडातून खाली पडली आणि वळण संपता संपता फट् करून सगळं शांत झालं. त्यांनी हात केला. आम्ही कडेला घेतली.

"हे वर काय लावलंय?"

"शोभेचं आहे, साहेब," मेव्हणा म्हणाला.

"वाजवा."

मी दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. नाही. कॉम्प्रेसरचा फ्यूज उडाला होता.

"बघा, शोभेचं," मेव्हणा म्हणाला.

"मग गाडीला हॉर्न कुठाय?"

"काढून टाकला."

साहेबांच्या चेहऱ्यावर खऱ्या अर्थानं पेच उमटला. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम त्यांना पाठ होता. त्यात आधी म्हटलंय, प्रत्येक गाडीला पुरेसा ऐकू जाईल असा हॉर्न पाहिजेच. आणि त्याच्याच खाली म्हटलंय, एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश, घाबरवणारा हॉर्न अजिबात नको. आम्ही एकाच गाडीत, एकाच वेळी दोन्ही मोडून उभे होतो. "हॉर्न नाही म्हणून धरू, का प्रेशर हॉर्न आहे म्हणून धरू?" ते स्वतःशीच म्हणाले. कर्णे दिसत होते, पण वाजत नव्हते. वाजलेला तर सगळ्या चौकानं ऐकला होता, पण कुठून आला हे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. आम्ही सुटलो असतो, अशी माझी आजही खात्री आहे.

"एक मिनिट, साहेब," मेव्हणा म्हणाला आणि खिशातून नवा फ्यूज काढला. "आपलं काम पक्कं असतंय. वाजवून दाखवतो."

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं मला थोडकंच ऐकू आलं. ई-चलनाच्या मशिनवर बोटं दाबताना साहेब काहीतरी विचारत होते, मी काहीतरी उत्तर देत होतो आणि आम्हा दोघांनाही दुसरा काय म्हणतो ते कळत नव्हतं. विनाकारण हॉर्न वाजवण्याला मोटार वाहन कायद्याचं 194 एफ कलम लागतं, पहिल्या वेळी हजार रुपये, पुन्हा सापडलात तर दोन हजार. मेव्हण्याचं म्हणणं, "विनाकारण कुठाय? तुमीच म्हणाला वाजवा." हे मात्र साहेबांना स्वच्छ ऐकू गेलं.

त्या रात्री मेव्हण्यानं नवा प्रस्ताव मांडला. 2021 मध्ये नितीन गडकरी नाशिकला म्हणाले होते की गाड्यांचे हॉर्न भारतीय वाद्यांच्या आवाजाचे असावेत असा कायदा करायचा विचार आहे. बासरी, तबला, व्हायोलिन, माउथ ऑर्गन, हार्मोनियम. "आपण आत्ताच तबला बसवू," मेव्हणा म्हणाला. "कायदा आला की आपण पुढं." मी डोळे मिटून चाकणची कोंडी डोळ्यांसमोर आणली. मागच्या टेम्पोनं तबला धरलाय, पुढच्या कंटेनरनं हार्मोनियम, डाव्या बाजूनं घुसणारा रिक्षावाला मध्येच माउथ ऑर्गन घालतोय आणि सम गाठायला कुणाला जागा मिळत नाहीये. तासाभरात संगीत नाटकाचा पहिला अंक सहज होईल. पण आपले लोक तिथंही वन्समोअर देणार आणि कोंडी सुटायची नाही.

पावसाळा आला आणि आकाशाकडं तोंड केलेले कर्णे भरून गेले. जुन्नरचा पाऊस काही विचारून पडत नाही. आता हॉर्न दाबला की आधी गुळण्या व्हायच्या, मग टपावरून काचेवर पाण्याची चूळ आणि मग खर्जातला लांब कर्णा एकटाच हंबरायचा. आखूड कर्णा मुकाच. मिस्तरीनं शिडी लावून वर चढून आत तार घातली. कुंभारीण माशीनं आत चिखलाचं घर बांधलं होतं, नीट लिंपलेलं, तीन खोल्यांचं. "किती बी पाऊस पडू द्या, हे पडत नाय," तो कौतुकानं म्हणाला. आमच्या नळीबद्दल आणि टपाबद्दल तो काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

मग त्यानं काउंटरखालून कंपनीचा हॉर्न काढला. आमचाच. भंगारवाल्याकडून त्यानं तो पन्नास रुपयांना घेऊन ठेवला होता, आम्हाला तीनशेला दिला. डावीकडची वायरही टेप लावून सरळ केली. गाडी आता डावीकडं वळताना गप्प असते. मोटारसायकलवाले पुन्हा आपुलकीनं विचारतात. परवा त्यातल्या एकाला मी खरंच सांगितलं, "बाबा रे, रस्ता पाहिजे." त्यानं दिला. काकूंची म्हैस दोन्ही वेळेला दूध देते, पण आमच्या घरी अजून काकू दूध देत नाहीत.

तेव्हा, विकणे आहे: पिकअप किंवा तत्सम वाहनासाठी दोन कर्ण्यांचा हॉर्न संच, लाल, मोजकाच वापरलेला, कॉम्प्रेसर, चार आकड्यांचा रिले, उरलेले फ्यूज आणि भरपूर लांब नळी यांसह. लांब कर्ण्याचा आवाज उत्तम. आखूड कर्ण्यात वस्ती झाल्यास तक्रार ऐकली जाणार नाही. 119 वा नियम माहीत असलेल्यानं शक्यतो चौकशी करू नये. गिऱ्हाईक आमच्या गावापासून निदान दोन तालुके लांबचं असावं. येताना आधी फोन करावा, फाटकाशी उभं राहून हॉर्न वाजवू नये.